कंपनी सुटल्यावर

देवगिरीच्या किल्ल्यातली एक रात्र मराठी घरांत अनेक पिढ्या सांगितली जाते. किल्लेदार जनार्दनस्वामींनी पैठणहून आलेल्या एकनाथांकडे हिशेबाचं काम दिलेलं असतं. एके दिवशी जमाखर्चात एका पैचा फरक राहतो. दिवेलागण होते, किल्ल्यात निजानीज होते, नाथ वह्यांपुढून उठत नाहीत. बऱ्याच रात्री चूक सापडते, ते आनंदाने टाळी वाजवतात आणि त्या आवाजाने स्वामी जागे होतात. ही आख्यायिका कीर्तनात येते ती एकाग्रतेचं उदाहरण म्हणून. मन हिशेबात लागलं तसं देवात लागलं तर काय होईल, हा तिचा पुढचा भाग. मार्चअखेर भोगलेल्या अकाउंटंटला मात्र तिच्यात वेगळंच काही दिसेल. पै सापडली नसती, तर नाथ अंथरुणावर पडलेही असते, पण झोपले नसते.

दिवसभराच्या ताणातून माणूस मोकळा कसा होतो, हे समजून घ्यायचं तर सुरुवात त्या पैपासूनच करावी लागते.

किल्ल्याच्या दक्षिणेला काही मैलांवर आज वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेला चिकलठाणा, त्याच्या पलीकडे शेंद्रा. इथल्या हजारो घरांचं घड्याळ या वसाहतींच्या शिफ्टवर लावलेलं असतं. कंपन्या सुटायच्या वेळी वाळूजच्या रस्त्यावर बसगाड्या, दुचाक्या आणि रिक्षांची दाटी होते आणि ती नगर नाक्यापर्यंत हलत हलत येते. माणूस बजाजनगरातल्या किंवा सिडकोतल्या घरी पोचतो, पायातले बूट काढतो आणि म्हणतो, ‘लय बेजार झालो आज.’ पाय दुखतात एवढंच त्याला सांगायचं नसतं. लाइन दोनदा बंद पडली, टार्गेट राहिलं, सुपरवायझर चारचौघांत बोलला आणि उद्या पुन्हा त्याच मशीनपुढे उभं राहायचं आहे. मशीन वाळूजमध्येच राहिलं. रिजेक्शनचा ढीग मात्र त्याच्यासोबत घरी आला.

शरीराच्या बाजूने पाहिलं तर हे व्हायला नको. सुपरवायझर ओरडला तेव्हा अंगात उसळलेलं अ‍ॅड्रेनॅलिन काही मिनिटांत ओसरतं. ताणाचं दुसरं संप्रेरक कॉर्टिसॉल. ते जरा रेंगाळतं, पण रक्तातलं त्याचं प्रमाणही तासा-दीड तासात निम्म्यावर येतं. शिवाय कॉर्टिसॉलची स्वतःची रोजची चाल आहे. सकाळी जाग आल्यानंतर थोड्याच वेळात ते सर्वांत जास्त असतं, दिवसभर उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या आसपास तळाला पोचतं. म्हणजे चार वाजता झालेल्या भांडणाचा हिशेब रात्रीच्या जेवणापर्यंत शरीराने मिटवलेला असायला हवा.

तो मिटत नाही, कारण आपण प्रसंग पुन्हा पुन्हा घडवून आणतो. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाचे योस ब्रोशॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये हा मुद्दा नीट मांडला. ताण देणारी घटना थोडा वेळ चालते. तिची उजळणी आणि उद्याची धास्ती तासन्‌तास चालते आणि हृदयाची गती, रक्तदाब, संप्रेरकं या उजळणीलाही प्रतिसाद देतात. जेवताना ‘तेव्हा मी असं उत्तर द्यायला हवं होतं’ हे जुळवत बसलेल्या माणसाच्या शरीरासाठी सुपरवायझर समोरच उभा असतो.

डोकं ‘जड’ होण्यामागेही काही रासायनिक कारण असावं. पॅरिसमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये काही लोकांना दिवसभर किचकट बौद्धिक काम दिलं आणि काहींना सोपं. किचकट काम केलेल्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात ग्लुटामेट हे रसायन जास्त साचलेलं आढळलं. हेच लोक दिवसअखेरीस कमी कष्टाचा आणि लगेच मिळणारा फायदा निवडू लागले. एका अभ्यासावर फार मोठी इमारत बांधू नये. तरी संध्याकाळी ‘भाजी कुठली करू’ एवढ्या प्रश्नानेही माणूस का वैतागतो, याचा थोडा अंदाज त्यातून येतो. निवड करणारा भागच त्या वेळी सर्वांत थकलेला असतो.

जर्मनीतल्या मॅनहाइम विद्यापीठात झाबिने झोनेनटाग या मानसशास्त्रज्ञ काम संपल्यानंतरच्या तासांचा अभ्यास गेली अनेक वर्षं करत आहेत. शार्लट फ्रिट्झ यांच्याबरोबर त्यांनी २००७ मध्ये एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आता जगभर ती वापरली जाते. संध्याकाळच्या वेळेतून माणसाला काय मिळालं, हे ती चार बाजूंनी विचारते. मन कामापासून सुटलं का, अंग सैल झालं का, काही नवं जमवल्याचं समाधान मिळालं का आणि हा वेळ कसा घालवायचा हे तुमच्या हातात होतं का. पहिल्या तीन गोष्टींबद्दल बरंच सांगता येतं. चौथीकडे मी प्रकरणाच्या शेवटी येणार आहे, कारण या विषयावरच्या बहुतेक लेखांत तीच गाळलेली असते.

याच झोनेनटागबाईंनी पुढे एक विचित्र गोष्ट नोंदवली. विश्रांतीची सर्वांत जास्त गरज ज्या दिवशी असते, त्याच दिवशी माणूस ती सर्वांत कमी घेतो. ताणाच्या दिवशी फिरायला जाणं रद्द होतं, झोप उशिरा होते, डोकं कामातच अडकून राहतं. म्हणून ‘आज फार थकलोय, आता स्वतःसाठी काहीतरी करू या’ असा निश्चय रात्री आठ वाजता करण्यात अर्थ नाही. त्या वेळी निश्चय करायचीही ताकद उरलेली नसते. करायचं ते आधीच ठरलेलं असावं आणि सुरू करायला सोपं असावं.

आता पुन्हा पैकडे. अर्धवट राहिलेलं काम मनात जास्त टोचतं, ही कल्पना ब्लूमा झायगार्निक यांच्या नावाने ओळखली जाते. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्याकडे शिकताना त्यांनी प्रयोग केले आणि १९२७ मध्ये ते छापले. लोकांना मध्येच थांबवलेली कामं पुरी झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवतात, असं त्यांना दिसलं. पुढे अनेकांनी तेच प्रयोग केले. आठवणीतला हा फरक प्रत्येक वेळी दिसला नाही. अर्धवट काम पुन्हा हाती घेण्याची ओढ मात्र ठळकपणे दिसत राहिली. उपयोगी पडेल असा धागा २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकी संशोधकांना सापडला. काम पुरं न करताही टोचणी थांबते. ते केव्हा, कुठे आणि कसं करायचं याची नेमकी योजना ठरली, की मन ते सोडून द्यायला राजी होतं.

मायकेल स्कलिन यांनी हे थेट झोपेच्या प्रयोगशाळेत नेलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ५७ तरुण-तरुणी होते. निम्म्यांनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी पुऱ्या झालेल्या कामांची. पहिल्या गटाला सुमारे नऊ मिनिटं लवकर झोप लागली आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. नऊ मिनिटं ऐकायला कमी वाटतात. झोपेच्या काही गोळ्यांचा फायदाही याच्या आसपासचाच असतो.

कारखान्यात ही सोय जुनीच आहे, फक्त तिच्याकडे कोणी या नजरेने पाहत नाही. शिफ्ट बदलताना चार्ज दिला जातो. कोणत्या मशीनला काय झालं, किती माल बाकी आहे, मेंटेनन्सला काय सांगितलं, हे रजिस्टरमध्ये लिहून पुढच्या माणसाच्या हवाली होतं. नीट चार्ज दिलेला ऑपरेटर अर्धवट काम तिथेच ठेवून निघतो. घाईत, न लिहिता निघालेला बसमध्ये बसून फोन लावत राहतो. ऑफिसात, शाळेत, बँकेत काम करणाऱ्याची अडचण अशी की त्याच्या पुढच्या शिफ्टला तो स्वतःच असतो आणि स्वतःला कोणी चार्ज देत नाही. निघण्याआधी पाच मिनिटं बसून उद्याच्या सकाळच्या स्वतःसाठी तसं रजिस्टर लिहिणं हा मला माहीत असलेला सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यात ‘पाटील साहेबांचं काम’ एवढंच लिहून भागत नाही. ‘दहा वाजता पाटलांना फोन, आधी मागच्या महिन्याचं बिल काढून ठेवणे’ असं लिहिलं तर पै सापडते.

काम आणि घर यांच्या मधल्या जागांची या शहरात कमी नाही. विद्यापीठाचा परिसर, मागची गोगाबाबा टेकडी, औरंगाबाद लेण्यांकडे जाणारी वाट, दिल्ली गेटजवळचं सलीम अली सरोवर, बसस्टँडजवळचं सिद्धार्थ उद्यान. टेकडीवर सकाळी जास्त गर्दी असते, आणि तिथे जाणारे बहुतेक जण वजन किंवा साखर उतरवायला जातात, मूड सुधारायला नाही. मूड त्यांचा तरीही सुधारतो. स्टॅनफर्डमध्ये २०१५ साली झालेल्या अभ्यासात दीड तास झाडाझुडपांतून चाललेल्या लोकांचं मनातलं चऱ्हाट कमी झालं. तेवढाच वेळ रहदारीच्या रस्त्याने चाललेल्यांचं झालं नाही. जालना रोडच्या कडेने केलेला संध्याकाळचा वॉक पायांना उपयोगी आहे, डोक्याला तितकासा नाही.

पाणचक्कीचं उदाहरण मला फार आवडतं. खाम नदीच्या काठी, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यात, उत्तरेकडच्या डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून आणून उंच भिंतीवरून हौदात सोडलेलं आहे. त्या पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर अठराव्या शतकात जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ निघायचं. आज तिथे पर्यटक फोटो काढतात. पण शहरातली माणसं हौदाच्या कठड्याशी नुसतीच बसलेलीही दिसतात, शेजारी जुना वड, वर पाखरांचा कलकलाट. स्टॉकहोममधल्या जेस्पर आल्व्हारसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये चाळीस जणांना अवघड गणितं देऊन ताण आणला आणि मग त्यांना वेगवेगळे आवाज ऐकवले. एका आवाजात कारंज्याचं पाणी आणि पक्षी होते, बाकीचे रहदारीसारख्या गोंगाटाचे होते. ताण आल्यावर त्वचेवर किंचित घाम येतो आणि विद्युतवाहकता वाढते. ती पाणी आणि पक्षी ऐकणाऱ्यांत लवकर खाली आली. फरक माफक होता आणि हृदयाच्या मोजमापात तो दिसलाही नाही. तरीही पाणचक्कीच्या अंगणात नेमकी हीच दोन वाद्यं वाजतात, याची गंमत वाटल्याशिवाय राहत नाही.

प्रश्नावलीतली तिसरी गोष्ट, काही जमवल्याचं समाधान, लोकांना पटवणं जड जातं. थकलेल्या माणसाने आणखी काही शिकायचं? पण अनेक अभ्यासांत असंच दिसतं की नुसतं पडून राहिल्यापेक्षा, थोडं आव्हान असलेलं आणि कामाशी संबंध नसलेलं काही केलं तर माणूस दुसऱ्या दिवशी जास्त ताजा उठतो. देवगिरीनेच याचं एक भव्य उदाहरण दिलं आहे. तेराव्या शतकात यादव राजा सिंघण याच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणं मूळ काश्मीरचं, वैद्यकाची परंपरा असलेलं. त्याचं पद श्रीकरणाधिपाचं, म्हणजे राज्याचे हिशेब पाहणाऱ्याचं. याच शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, भारतीय संगीतावरच्या सर्वांत मान्यवर ग्रंथांपैकी एक. एकनाथांच्या आधी तीनएकशे वर्षं, त्याच किल्ल्याच्या परिसरात, दुसरा एक हिशेबनीस स्वरांची मोजदाद करत होता.

वैद्यांच्या घरातला असल्यामुळे असेल, शार्ङ्गदेव स्वरांकडे वळण्याआधी शरीराची रचना सांगतो. नाद कसा उमटतो तेही सांगतो: मन देहातल्या अग्नीला चेतवतं, अग्नी वायूला ढकलतो, वायू नाभीतून हृदय, कंठ, मस्तक असा वर चढत जातो. आजचं शरीरशास्त्र अग्नी म्हणणार नाही. पण गाणं हे आधी श्वासाचं काम आहे, एवढं त्याने अचूक धरलं. इटलीतल्या लुचियानो बेर्नार्दी यांनी २००१ मध्ये २३ जणांकडून दोन गोष्टी म्हणवून घेतल्या, लॅटिनमधली मेरीची प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’. दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाची गती व रक्तदाब सांभाळणाऱ्या यंत्रणा त्या लयीत एकत्र डोलू लागल्या. स्वीडनमध्ये २०१३ साली समूहगायन करणाऱ्यांच्या हृदयाची गती मोजली, तर ती गाण्याच्या ओळींबरोबर, सगळ्यांची साधारण एकदमच, वरखाली होताना दिसली. लांब ओळ म्हणजे लांब उच्छ्वास. संध्याकाळी देवळात हरिपाठाला बसणाऱ्या, तसबीह ओढणाऱ्या किंवा बुद्धविहारात वंदना म्हणणाऱ्या माणसाने हे संशोधन वाचलेलं नसतं आणि वाचायची गरजही नाही. भजनी मंडळात टाळ कुटणारा रिटायर्ड कंडक्टर चार बाजूंच्या त्या प्रश्नावलीत बहुधा उत्तम गुण मिळवेल.

ज्यांना गाणं, डोंगर, भजन यातलं काहीच नको, त्यांच्यासाठी सोफा आणि मोबाइल आहे. इथे उपदेश करायचा मोह सगळ्यांना होतो, मला तो टाळायचा आहे. जर्मन भाषकांवर २०१४ मध्ये झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा की, टीव्ही आणि गेममधून थकलेल्यांना उभारी मिळू शकते, पण जे सर्वांत जास्त थकलेले असतात तेच ‘आपण वेळ वाया घालवतोय’ म्हणून अपराधी वाटून घेतात आणि मिळालेला आराम त्या अपराधीपणात विरून जातो. तेव्हा मालिका पाहायची तर मजेत पाहावी. कंपनीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा ठेवून रील्स पाहणं ही गोष्ट वेगळी. त्यात अंगठ्याच्या एका झटक्यात माणूस पुन्हा कामावर हजर होतो.

चहाबद्दल लोक उगाच घाबरतात. झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या कॅफिननेही झोप तासाहून जास्त घटली, असा एक गाजलेला अभ्यास आहे, पण त्यातला डोस ४०० मिलिग्रॅमचा होता. टपरीवरच्या छोट्या ग्लासात त्याच्या मानाने फारच थोडं असतं. सहा वाजताचा एक चहा माफ, रात्रीपर्यंतचे पाच नाहीत. दारूचं उलट आहे. ती झोप लवकर आणते म्हणून ‘थकवा घालवायला’ घेतली जाते आणि रात्रीच्या उत्तरार्धात तीच झोप मोडते. स्वप्नांची झोप तर आधीच कापलेली असते. सकाळी उठल्यावर जो थकवा राहतो त्याचा दोष पुन्हा कंपनीला जातो.

आता घराच्या आतली गोष्ट. अमेरिकेतल्या रेना रेपेट्टी यांनी १९८९ मध्ये विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या नियंत्रकांचा अभ्यास केला. दिवस किती ताणाचा गेला हे त्या माणसाला विचारायची गरज नव्हती, विमानतळाच्या नोंदींत त्या दिवशीची विमानांची संख्या आणि दृश्यमानता होतीच. वर्दळीच्या दिवशी हे लोक घरी येऊन गप्प बसत. बायकोने तो वेळ मिळू दिला तर राग कमी निघे. आल्या आल्या अर्धा तास कोणी काही विचारू नये, ही अनेक घरांतली अलिखित पद्धत त्यामुळे शास्त्राला धरूनच आहे, असं म्हणता येईल.

पण तो अर्धा तास देणारी कोण? तीही चिकलठाण्यातल्या पॅकिंग लाइनवरून, शाळेतून किंवा पाच घरची धुणीभांडी उरकून आलेली असते. लॉस एंजेलिसमध्ये डार्बी सॅक्सबी, रेपेट्टी आणि सहकाऱ्यांनी नवरा-बायको दोघंही कमावतात अशा तीस कुटुंबांत जाऊन लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. २०११ मध्ये आलेले निष्कर्ष कोणत्याही मराठी बाईला नवे वाटणार नाहीत. घरकामात जास्त वेळ गेला की संध्याकाळचं कॉर्टिसॉल चढं राहतं. नवऱ्याने घरकामात जास्त वाटा उचलला की बायकोचं लवकर उतरतं. नवऱ्याचं मात्र तेव्हा छान उतरत होतं, जेव्हा त्याला मोकळा वेळ जास्त आणि बायकोला कमी मिळत होता. एकाच छपराखाली एकाची विश्रांती दुसऱ्याच्या खात्यातून वजा होत होती.

आपल्याकडे हे खातं सरकारनेच मोजलं आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवताना दिसल्या, तेच काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हे आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी त्यांची नऊ वाचवली. बाईला ‘रोज थोडा वेळ स्वतःसाठी काढा’ असं सांगणाऱ्या पुस्तकांनी तो वेळ नेमका कुठून काढायचा, हेही छापायला हवं. कणीक मळणं, मुलांचा डबा घासणं, भाजी निवडणं यांतलं एकेक काम कायमचं दुसऱ्या हातात गेलं, तरच तो निघतो. ‘काही मदत करू का’ असं रोज विचारण्याने तो निघत नाही, कारण काय राहिलंय हे लक्षात ठेवण्याचं काम मग तिच्याकडेच राहतं आणि न सापडलेली पै तिच्याच डोक्यात.

संभाजीनगरात या हिशेबात पाणीही मांडावं लागतं. जायकवाडी धरण भरलेलं असलं तरी शहराच्या अनेक वसाहतींत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. ज्या दिवशी येतं त्या दिवशीची संध्याकाळ किंवा रात्र त्याचीच. ड्रम, टाकी, मोटर, पाइप, वरच्या मजल्यावरच्यांशी बोलाचाली. सतराव्या शतकात मलिक अंबरने डोंगरातून नहर आणून वसवलेल्या शहरात आज घरातलं कोणीतरी नळाच्या आवाजाकडे कान ठेवून झोपतं. अशी अर्धवट सावध झोप ही झोपेच्या तासांत धरली जाते, विश्रांतीत धरता येत नाही. गरम पाण्याच्या आंघोळीचा सल्लाही इथे जपून द्यावा लागतो. सल्ला चांगला आहे. झोपण्याच्या तास-दोन तास आधी, ४० ते ४२.५ अंश सेल्सियसच्या पाण्याने दहा मिनिटं आंघोळ केली तर हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते, शरीराचं तापमान उतरतं आणि झोप लवकर लागते. पाणी यायला तीन दिवस असतील तर पाय तरी धुवावेत. बाहेरून आल्यावर पाय धुण्याचा रिवाज घरोघरी होताच.

काही थकवा मात्र यातल्या कशानेच जात नाही आणि जाणारही नसतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९ ते २१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागत असेल, दुपारपासूनच अंग गळत असेल तर आधी हिमोग्लोबिन तपासावं, मग भजन आणि टेकडी. थायरॉइड, मधुमेह, घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकणं हीही नेहमीची कारणं. आणि दोन आठवडे सलग मन उदास राहिलं, आवडत्या गोष्टींतलाही रस गेला, तर तो ताणाचा दिवस उरलेला नाही. तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही मिळते.

आणि आता चौथी गोष्ट, वेळ आपल्या हातात असणं. १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगारासाठी दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा १२ तासांवर नेण्याला आणि ओव्हरटाइमची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तासांवर नेण्याला मंजुरी दिली. युरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशानुसार दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तासांची विश्रांती मिळावी लागते. बारा तासांची शिफ्ट कागदावर त्यातही बसते. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून दूर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये तशाच आशयाचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, त्याचा कायदा झालेला नाही. नाईटवाल्यांची गणितं आणखी वेगळी. त्यांना दिवसा झोपावं लागतं, तेव्हा शरीराचं घड्याळ त्यांना उठवत असतं आणि गल्लीतला भंगारवालाही.

दिवसपाळीचंच गणित मांडू. बारा तास शिफ्ट, वाळूजला जाऊन यायला दीड तास, सात तास झोप. उरले साडेतीन तास. यातच आंघोळ, दोन वेळचं जेवण, मुलाचा गृहपाठ, किराणा, गॅसचा नंबर, आईचं औषध आणि पाण्याचा दिवस असेल तर पाणी. डबल ड्यूटी लागली, तर तेही नाहीत. यातून चालायला, गायला किंवा पाणचक्कीला जाऊन बसायला किती मिनिटं काढायची, हे कामगार एकटा ठरवू शकत नाही. ते युनियनच्या पगारवाढीच्या करारात, शिफ्टच्या वेळापत्रकात आणि कंपनीच्या बसच्या मार्गात ठरतं, आणि त्या टेबलावर विश्रांती हा शब्द सहसा कोणी काढत नाही.